आधी दोर, मग उडी

“आबा, तुम्हीच इचारा तिला. माझं कोण ऐकतंय आता या घरात?” कोपीत वाकून भागवत म्हणाला.

ग्यानोबा पाच पांडवांच्या चुनखडी फासलेल्या दगडांपुढे नारळ ठेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. येळवस होती. वेळ अमावस्येला लातूरचं निम्मं शहर कुलपं लावून शेताकडे निघतं, तसं त्यांचंही घर औशाच्या रस्त्यावरल्या शेतात येऊन पडलं होतं. कडब्याची कोप उभी होती, वर शाल पांघरलेली होती, अंबिलाने भरलेली मातीची बिंदगी सावलीला होती. ज्वारी पोटरीत आली होती. अशा दिवशी भांडण नको, एवढंच त्यांना वाटत होतं.

“नांदेडला जाऊन महिनाभर पाण्यात उतरली. का, तर लाइफगार्डची परीक्षा! बरं, नापास झाली. संपलं? न्हाई. सोमवारी पुन्हा जायचंय म्हणं. आबा, उद्या लातूरच्या पोहायच्या तलावावर शिट्टी गळ्यात घालून तुमची धाकटी सून उभी राहिली तर मी बाजार समितीत कोणतं तोंड घेऊन बसू?”

“हेच घेऊन बस. दुसरं कुठून आणशील?” बाहेरून चतुराबाईंचा आवाज आला. त्या पालेभाज्या आणि शेंगा एकत्र शिजवलेल्या भज्जीच्या पातेल्याशी बसल्या होत्या.

“माय, तू मधी बोलू नको.”

“मधी न्हाई, मी बाहीर हाय.”

ग्यानोबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचं आयुष्य गेलं होतं. वर्गातलं पोर चढ्या आवाजात बोलू लागलं की आपला आवाज उतरवायचा, ही त्यांची जुनी खोड. भागवत आता पन्नाशीला टेकला होता, आडत चालवत होता, त्याच्या शब्दावर माणसं उठबस करत होती. तरी ग्यानोबांनी आवाज उतरवलाच.

“जेवणं होऊ दे. पाहुणे येऊ दे. मग सगळेच बोलू.”

“मग सोमवारचं बंद, एवढंच बोलायचं,” म्हणून भागवत बाहेर गेला.

पूजा आटोपून ग्यानोबा विहिरीकडे गेले. ही विहीर म्हणजे त्यांची दुसरी शाळा. काळ्या दगडात बांधलेली, एका अंगाने पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, आणि यंदा पाऊस बरा झाल्यामुळे पाणी चांगलं वरपर्यंत. दर उन्हाळ्यात गावातली पोरं कमरेला दोर बांधून घेऊन इथे रांगेत उभी राहायची. किती पिढ्या त्यांनी तरंगायला लावल्या, ते त्यांनी कधी मोजलं नाही. त्यांचे दोन्ही मुलगे, थोरला भागवत आणि धाकटा सुदर्शन, इथेच शिकले. आणि सुदर्शनची बायको उज्वलाही.

तिचं लग्न होऊन ती उमरीहून आली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवी सून काठावर उभी राहून पोरांकडे टक लावून बघत असते, हे त्यांच्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाली, “मामा, गोदावरीच्या जवळ वाढले, पण मला पाण्यात कुणी उतरूच दिलं न्हाई.” मग चतुराबाई रोज पहाटे काठावर पहाऱ्याला बसल्या, सुनेने पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला करकचून बांधली, आणि सासऱ्याने सुनेला पोहायला शिकवलं. गावात चार दिवस कुजबुज झाली. मग लोकांना दुसरा विषय मिळाला.

आता उज्वला विहिरीपासून थोडी दूर, हौदाजवळ उभी होती. तेलाच्या रिकाम्या, बूच घट्ट लावलेल्या डब्याला तिने दोर बांधला होता आणि जिक्रा तो डबा हौदापलीकडे फेकत होती. जिक्रा म्हणजे औशाच्या निजामोद्दीन टेलरची नात. निजामोद्दीन ग्यानोबांचे जुने दोस्त. येळवशीला त्यांचं कुटुंब आलं नाही असं वर्ष नव्हतं.

“हौदात न्हाई टाकायचा, पलीकडं टाकायचा,” उज्वला सांगत होती. “माणसाच्या डोक्यावरून दोर पलीकडं गेला पाहिजे. मग ओढत ओढत त्याच्या हातात आणायचा.”

“आणि डबा डोक्यात बसला तर?”

“म्हणून तर पलीकडं!”

जिक्राने पुन्हा फेकला. डबा एका शेळीजवळ पडला आणि शेळी उधळली.

ग्यानोबा कठड्यावर टेकले. “उज्वला, तू नापास कशात झालीस, ते तू मला अजून सांगितलं न्हाईस.”

ती दोर गुंडाळत त्यांच्याजवळ आली. जरा घुटमळली. “सांगू? तुम्हाला राग यील.”

“मास्तरला राग येत न्हाई. कान पिळतो, तेवढंच.”

“पोहण्यात पहिली आले होते, मामा. श्वास, तरंगणं, पाण्याखालून वीट आणणं, सगळं. एकच गंमत व्हायची, सरळ पोहताच येत न्हवतं. विहिरीत शिकलेली मी, आपोआप गोल वळायचे. सगळे हसायचे. ते बी सुधरलं.” ती हसली आणि थांबली. “शेवटी सर स्वतः पाण्यात उतरले, बुडणाऱ्याचं सोंग घेऊन. ओरडायला लागले. मी काही बघितलं न्हाई, धाडकन उडी टाकली. त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली आणि सोडलीच न्हाई. मला वर येता येईना. मग बाहेर काढून म्हणाले, बाई, आता दोन मेले. एक बुडणारा आणि एक तुम्ही.”

समोर बुडणारा दिसला की विचार करायचा नाही, उडी टाकायची. हे वाक्य ग्यानोबांचंच होतं. याच काठावर उभं राहून त्यांनी ते पोरांकडून पाठ करून घेतलं होतं.

“मग काय करायचं म्हणतात?”

“हात पुरला तर हात द्यायचा. न्हाई तर काठी, दोर, जे असंल ते टाकायचं. तरंगणारं काही असंल तर ते. उडी सगळ्यात शेवटी, आणि ती बी रिकाम्या हातानं न्हाई.”

“माणूस गटांगळ्या खातोय आणि आपण दोर शोधत बसायचं?” त्यांचा आवाज नकळत थोडा चढला. “हे शहरातलं शिक्षण हाय, पोरी. तलावाच्या फरशीवर बसून काढलेलं.”

“मला बी तसंच वाटलं होतं,” उज्वला म्हणाली, आणि पुढे वाद घातला नाही. हे ग्यानोबांना जास्त टोचलं.

जेवणाच्या पंगती उसाच्या पाचटावर बसल्या. बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर, आणि पितळी पेल्यांतून अंबील. निजामोद्दीन ग्यानोबांच्या शेजारी बसले होते. त्यांचे दात गेले होते, म्हणून ते उंडा अंबिलात भिजवून खात होते.

“गुरुजी, एक अर्ज हाय,” ते म्हणाले. “आमच्या जिक्राला पोहायचं वेड लागलंय. लातूरच्या नव्या तलावावर बायकांची वेगळी येळ ठेवणार म्हणतेत. पन पानीवर बाईच पायजे राखन करायला. बाई असंल तर तिची अम्मी धाडती. बाप्या असंल तर न्हाई. सगळं तुमच्या सुनेच्या सोमवारवर आलंय, बगा.”

“पास झाली तर,” ग्यानोबा म्हणाले.

“जाईल तर ना, चाचा!” भागवत पलीकडून बोलला. आज त्याने जेवण जोरात चालवलं होतं. तिसऱ्यांदा खीर घेत होता. “आमच्या घरातल्या बाईनं दुसऱ्याच्या पोरींवर राखण करायची, मग आमच्या अब्रूवर राखण कोण करायचं?”

सुदर्शन पानं वाढत होता. लातुरात त्याचं औषधाचं दुकान. भाऊ बोलू लागला की खाली बघायची त्याची सवय सगळ्यांना ठाऊक. त्याने खालीच बघितलं. उज्वलाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भज्जीची वाटी घेऊन पुढच्या पंगतीकडे गेली.

भागवतची बायको नीला हळूच म्हणाली, “तिला वाईट वाटंल हो.”

“वाटू दे. नापास झाल्यावर वाटलं का?”

जेवणं झाली, तशी पोरं विहिरीकडे पळाली. येळवशीला भागवतची उडी, ही पोरांची ठरलेली मागणी. तरुणपणी त्याच्यासारखा मुटका पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. गुडघे छातीशी घेऊन तो पाण्यावर पडला की शिंतोडे कठड्याच्या वर यायचे. पोरांनी त्याचा शर्ट ओढायला सुरुवात केली.

“काका, मुटका! काका, मुटका!”

“पोट भरलंय रे, गाढवांनो.”

“काका भ्याले!”

एवढं पुरे होतं. भागवतने शर्ट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कठड्यावर चढला. उज्वला हातातलं पातेलं तसंच धरून पुढे आली. “भावजी, आत्ताच जेवलाव. पाणी बी लई गार हाय. थोड्या वेळानं—”

“सोमवारी शिकव मास्तरीण होऊन,” तो म्हणाला आणि त्याने उडी टाकली.

मुटका खरंच मोठा झाला. पाणी वरपर्यंत उडालं, पोरं किंचाळली, निजामोद्दीननी टोपी झटकली. भागवत वर आला, डोकं हलवून हसला, दोन हात मारत पायऱ्यांच्या समोरच्या भिंतीकडे गेला. तिकडे धरायला काही नव्हतं. तुकतुकीत शेवाळलेला दगड. तिथे तो थांबला. पोरं टाळ्या वाजवत होती. तो उभ्यानेच पाण्यात थोडा खाली जाई, थोडा वर येई. तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना पाण्यावर दाबलेले, जणू पाणी म्हणजे टेबल आहे आणि त्यावर भार देऊन त्याला उठायचं आहे.

“काका सोंग करायले!” कुणीतरी ओरडलं आणि सगळी हसली. ग्यानोबाही हसले. बुडणारा माणूस ओरडतो, हात उंचावतो, असंच त्यांना आजवर वाटत आलेलं होतं. भागवत तर ओरडत नव्हता.

पातेलं खाली पडल्याचा आवाज आला. “भावजी बुडायलेत,” उज्वला म्हणाली.

तेव्हा ग्यानोबांनी भागवतचे डोळे पाहिले. ते कुणाकडेच बघत नव्हते.

त्यांचं अंग आपोआप पुढे गेलं. वय, पोट, काही आठवलं नाही. पाय कठड्यावर पोहोचला होता. आणि कुणीतरी त्यांच्या दंडाला धरून मागे असं ओढलं की ते मातीत बसले. उज्वला होती. बाजूला सुदर्शन चपला काढत होता.

“कुणी उडी टाकायची न्हाई!” ती ओरडली. त्या घरात तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. “अहो, तुम्ही सुद्धा! जिक्रा, डबा!”

जिक्रा डबा घेऊन धावली. उज्वला पायऱ्यांवरून पाण्याजवळ उतरली आणि तिथे तिने जे केलं, ते बघून नीलाने कपाळ बडवलं. ती पाण्यात गेली नाही. शेवटच्या कोरड्या पायरीवर पालथी झोपली.

“अहो, माझे पाय धरा. घट्ट.”

सुदर्शनने गुडघ्यावर बसून तिचे घोटे धरले. तिने डबा फेकला. तो मोटारीच्या पाइपला लागून अलीकडेच पडला.

“उडी मार की ग, बये!” नीला वरून रडत ओरडली. “जीव चाललाय त्यांचा!”

उज्वलाने दोर ओढून घेतला. घाई दिसत नव्हती, आणि हीच गोष्ट बघणाऱ्यांना सहन होत नव्हती. दुसऱ्यांदा डबा भागवतच्या डोक्यावरून गेला, भिंतीला लागला, दोर त्याच्या खांद्यावर पडला.

“भावजी, माझा आवाज ऐका. खांद्यावर दोर हाय. धरा. फक्त धरा, पाय हलवू नका.” ती जशी जिक्राशी बोलत होती तशीच बोलत होती. “डबा छातीशी घ्या. असं. आता डोकं मागं टाका. मी ओढते, तुम्ही काही करू नका.”

भागवतने डब्याला लहान पोरासारखी मिठी मारली. दोर ताठ झाला तशी उज्वला अर्धा हात पुढे घसरली. सुदर्शनने मागे रेटून पाय रोवले. मग ती दोर हातावर हात घेत ओढू लागली. भागवत पायरीला लागला. सुदर्शनने आणि तिने काखेत हात घालून त्याला वर घेतलं, आणि तो पायरीवर ओणवा होऊन पाणी, खीर, अंबील, सगळं ओकला.



भागवतने तोंड पुसलं. वर बघितलं. सगळं शेत कठड्यावर गोळा झालं होतं: पाहुणे, पोरं, मजूर. त्याने ओठ ओढून हसू आणलं.

“काय बघायलाव? मजा करायलो होतो. पोरांनी सोंग म्हणलं, तर सोंगच होतं. तुम्ही सगळे उगाच—” खोकल्याने त्याला पुढे बोलता आलं नाही.

बाजेवर त्याला रजई गुंडाळून बसवलं. नीलाने त्याचे पाय चोळायला घेतले आणि तिच्या भीतीचा राग झाला.

“बघितलं ना सगळ्यांनी? पोहता येतं म्हणून मिरवती. आणि दीर बुडताना काठावर पालथी पडून सूचना देतीया! वर नवऱ्याला पाय धरायला लावलं. सगळ्यांसमोर!”

“कोण बुडत होतं?” भागवत कडाडला. “मी सांगितलं ना, मजा होती.”

“हाव, मजाच होती,” नीला लगेच म्हणाली. “पण समजा नसती तर?”

चतुराबाई सकाळपासून सुनेची बाजू घेत होत्या. आता त्या उज्वलाजवळ गेल्या आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “पोरी, उडी टाकायची होतीस ग. आम्ही तुला शिकवलं ते कशाला? चार लोकांनी बघितलं. आता म्हणतील, दिरासाठी पाण्यात उतरली न्हाई.”

दोराने उज्वलाच्या तळहाताची सालटं निघाली होती. ती ओला दोर गुंडाळत होती.

बोलला तो सुदर्शन. खाली बघूनच. “माय, मी तिचे पाय धरले होते. दोर कसा ओढत होता, ते मला कळलंय. ती पाण्यात असती तर…” त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. पण भागवतच्या देखत त्याने वाक्य सुरू केलं, एवढंच ग्यानोबांना पुष्कळ वाटलं.

“वकिली बास,” भागवत म्हणाला. “मी कुणाला काढायला सांगितलं नव्हतं. सोमवारचं बंद. सगळ्यांनी बघितलंय, हिला काय येतं ते.”

“भावजी, तुम्ही मजा करत असलाव तर लई बरं झालं,” उज्वला शांतपणे म्हणाली. “घरातल्या सगळ्यांचं म्हणणं असंल, तर मी जाणार न्हाई. पण जिक्राला तुम्ही सांगा. मला सांगता येणार न्हाई.”

जिक्रा आजोबांच्या सदऱ्याला धरून उभी होती. सगळ्यांचे डोळे ग्यानोबांकडे वळले.

त्यांना खरं ठाऊक होतं. डोळे त्यांनी पाहिले होते. एक वाक्य बोलले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पाहुण्यांसमोर थोरल्या पोराला खोटं पाडायचं? आयुष्यभर त्यांनी एक पाळलं होतं: वर्गासमोर पोराला उघडं पाडायचं नाही. उघडं पडलेलं पोर पुढे शिकत नाही. दुसरीकडे ही सून होती, आणि तिच्याकडून तर ते आताच शिकले होते. आणि शिकवणाऱ्याला गप्प बसून बुडू द्यायचं, हेही त्यांना जमणारं नव्हतं.

ते उठले. “चला रे पोरांनो, विहिरीवर. सोमवारची उजळणी राहिली हाय.”

“कसली उजळणी?” भागवतने विचारलं.

“खेळ होता म्हणतोस ना? मग पुन्हा खेळू. मघाशी माझं लक्ष न्हवतं, नीट बघितलं न्हाई. आता मी बुडणारा होतो.” आणि त्यांनी सदऱ्याची बटणं सोडायला सुरुवात केली.

“अहो, येड लागलंय का?” चतुराबाई म्हणाल्या.

ग्यानोबा चालू लागले. सदरा कठड्यावर ठेवला, पायऱ्या उतरू लागले. मागे पोरांची गर्दी, त्यामागे मोठ्यांची. पाण्याला तळवा लागला. खरोखर गार होतं. पण ते अजून एक पायरी उतरले.

“आबा, वर या,” वरून भागवत म्हणाला. रजई अंगावर तशीच होती.

“कामून? मजाच करायलोय.”

“आबा, वर या म्हणतो ना!”

त्यांनी पुढच्या पायरीला पाय घातला. तेवढ्यात भागवत धडपडत खाली आला. रजई कुठेतरी वर पडली. त्याने बापाचा हात दोन्ही हातांनी धरला.

“उतरू नका,” तो हळू म्हणाला. वर कुणाला ऐकू जाणार नाही असं. “पोटरीत गोळा आला, आबा. मग पायच राहिला न्हाई. मला ओरडायचं होतं. आवाजच निघंना. तुम्ही सगळे हसायलाव, ते दिसत होतं.”

ग्यानोबांनी त्याच्या हातावर दुसरा हात ठेवला. “मी बी हसत होतो,” ते म्हणाले.

“तुम्ही उडी टाकली असती तर मी तुम्हाला धरलं असतं. सोडलं नसतं, आबा. मला कळतच न्हवतं काही.”

दोघे तसेच उभे राहिले, घोट्याएवढ्या पाण्यात.

“मामा!” वरून उज्वला म्हणाली. “जेवल्यावर पाण्यात उतरायचं न्हाई. वर या दोघंबी. परीक्षेत मला यावरच नापास करतील.”

पोरं हसली, निजामोद्दीन हसले, आणि चतुराबाईंनी पदराने डोळे पुसत शिव्या दिल्या. ग्यानोबा वर आले, सदरा घातला आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. “बरं. मी कोरडाच शिकतो. दे तो डबा.”

उज्वलाने त्यांना दोर कसा धरायचा ते दाखवलं. ग्यानोबांचा पहिला डबा पायाशीच पडला. दुसरा निजामोद्दीनच्या दिशेने गेला.

“गुरुजी, मी बुडून नाही राहिलो!” म्हातारा ओरडला.

“मामा, मनगट ढिलं सोडा. खालून फेका, वरून न्हाई.”

“खालून,” ग्यानोबांनी पाठ केलं. “खालून फेकायचं, डोक्यावरून पलीकडं. पोरांनो, ध्यान द्या. येत्या उन्हाळ्यात कमरेचा दोर सोडायच्या आधी प्रत्येकाला हे यायला पाहिजे.”

जिक्राने त्यांच्या हातातून डबा घेतला आणि एका फेकीत हौदापलीकडे टाकला. ग्यानोबांनी रीतसर टाळी वाजवली.

भागवत बाजेवर येऊन बसला होता. तो बघत होता. घर अजून त्याने सांगितलेल्या गोष्टीवरच उभं होतं: मजा होती. कुणी ती मोडली नव्हती. आणि सोमवारचं काय, ते कुणी विचारत नव्हतं.

ऊन कललं, तसे शेजारच्या शेतातले बसलिंगप्पा बांध ओलांडून आले. येळवशीला एकमेकांच्या कोपीत जाऊन अंबील प्यायची, ही रीत. म्हातारा हाडाने काटक, बोलण्यात कानडी हेल, आणि बातमी गावभर पोहोचवण्यात पटाईत. नीलाने पेला भरून दिला.

“काय वो भागवतराव, मगाशी हिरीवर आरडाओरडा झाला म्हने? आमच्या गड्याला ऐकू आलं.”

सुदर्शन पेले गोळा करता करता थांबला. नीला पटकन म्हणाली, “काही न्हाई, अप्पा. पोरांची मस्ती.”

“हं, पोरं,” बसलिंगप्पा म्हणाले आणि पेला तोंडाला लावला.

ग्यानोबांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. उत्तर त्यांना येत होतं, पण ते त्यांचं उत्तर नव्हतं.

“पोरांची न्हाई, अप्पा,” भागवत म्हणाला. “मी बुडायलो होतो.”

बसलिंगप्पांनी पेला खाली घेतला. “तू? पोवनारा गडी! मग काढलं कुनी? सुदर्शननं उडी मारली?”

“न्हाई. कुणीच मारली न्हाई. उज्वलानं मारू दिली न्हाई. आबांना ओढून पाडलं तिनं, बघा. काठावरून दोर टाकला आणि मला ओढलं.”

म्हाताऱ्याला ते पटलं नाही. त्याने उज्वलाकडे पाहिलं, मग विहिरीकडे. “म्हंजे दीर बुडतोय आनि ही नुसती काठावर थांबली?”

“हाव, थांबली,” भागवत म्हणाला. “म्हणून आबा हाईत, सुदर्शन हाय, आणि मी तुम्हाला अंबील पाजायला हाय. तुम्ही-आम्ही कुणी थांबलो नसतो, अप्पा.”

नीला खाली बघून रजईची घडी घालू लागली. घडी नीट बसेना, तेव्हा उज्वलाने तिचं दुसरं टोक धरलं.

भागवतने घसा साफ केला. “उज्वला, सोमवारी नांदेडला किती वाजता पोचायचंय? सुदर्शनला दुकान हाय. गाडी मी काढतो.”